रिळावरचे आवाज आणि जुन्या यंत्रांची खरेदी

इतिहास ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी लिहिला, हे आपण गेली कित्येक वर्षे सांगत आलो आहोत आणि ते खरेच आहे. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यावर लेखणीच्या जोडीला आणखी एक साधन आले. ज्याला अक्षर येत नाही त्याचेही म्हणणे त्याच्याच आवाजात टिकवून ठेवण्याची सोय त्या साधनाने केली. हे साधन म्हणजे रिळाचा टेपरेकॉर्डर. ज्या समाजाचे सारे सांस्कृतिक संचित ओवीत, जलशात, गायनपार्टीच्या सवाल-जबाबात आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत होते, त्या समाजाला या यंत्राची सर्वांत जास्त गरज होती. आणि त्याच समाजाला ते विकत घेणे सर्वांत अवघड होते. या दोन वाक्यांमधल्या अंतरात आपला बराचसा इतिहास बुडाला आहे.

आज हा विषय काढण्याचे कारण भावनेचे नाही. त्या काळात जे थोडेफार मुद्रित झाले त्याची रिळे अजून वस्त्यांमध्ये, पत्र्याच्या ट्रंकांत, माळ्यांवर, एखाद्या दिवंगत कार्यकर्त्याच्या कपाटात पडून आहेत. ती वाजवायची तर यंत्र हवे, आणि यंत्र घ्यायचे तर ते जुनेच घ्यावे लागते. म्हणून जुन्या टेपरेकॉर्डरची खरेदी हा हौशी संग्राहकांचा विषय समजून आपण बाजूला टाकू नये. तो इतिहासलेखनाच्या साधनांचा प्रश्न आहे.

या यंत्राचा स्वतःचा इतिहासही बोलका आहे. फ्रिट्झ फ्लॉयमर नावाच्या तंत्रज्ञाने १९२८ साली जर्मनीत कागदाच्या पट्टीवर लोहचूर्ण चिकटवून तिच्यावर आवाज साठवण्याचे पेटंट घेतले. सिगारेटच्या टोकाला सोनेरी पट्टा लावण्याच्या कामातून त्याला ही युक्ती सुचली होती. पुढे ए.ई.जी. कंपनीने यंत्र तयार केले, बी.ए.एस.एफ.ने फीत तयार केली, आणि १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन लोकांसमोर आला. त्या वेळी जर्मनीत हिटलरची सत्ता होती. नभोवाणी सरकारच्या मुठीत होती आणि हे यंत्रही तिच्याच सेवेला लागले. १९४० मध्ये उच्च वारंवारतेच्या प्रवाहाची युक्ती सापडली आणि आवाजातील खरखर इतकी कमी झाली की ऐकणाऱ्याला प्रत्यक्ष बोलणे कोणते आणि मुद्रित कोणते हे ओळखता येईना. माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारे हे यंत्र प्रथम सत्तेच्या आवाजाकरिता वापरले गेले, ही गोष्ट विसरू नये.

जर्मनीबाहेर हे यंत्र पसरले ते मात्र जुन्या, वापरलेल्या यंत्रांतून. अमेरिकी सैन्याच्या सिग्नल विभागातील जॅक मलिन याला १९४५ साली बाड नाउहाइम येथील एका रेडिओ केंद्रात मॅग्नेटोफोन दिसले. त्याने दोन यंत्रे सुटी करून, पन्नास रिळांसह, टपालाच्या लहानलहान पुडक्यांत घरी पाठवली. १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याने ती वाजवून दाखवली. गायक बिंग क्रॉस्बी याला आठवड्याचा कार्यक्रम दर वेळी प्रत्यक्ष सादर करण्याचा कंटाळा आला होता. त्याने १९४७ मध्ये या यंत्रावर कार्यक्रम मुद्रित करून घ्यायला सुरुवात केली. अँपेक्स कंपनीचे पहिले यंत्र १९४८ मध्ये आले, ते या दोन जर्मन यंत्रांचा अभ्यास करूनच. अमेरिकेतला एवढा मोठा धंदा लढाईतून उचलून आणलेल्या दोन जुन्या यंत्रांवर उभा राहिला. तेव्हा जुने यंत्र घेणाऱ्याने मनात कमीपणा आणण्याचे काही कारण नाही.

याच सुमारास, १९४७-४८ मध्ये, लोकगीतांचा संग्राहक ॲलन लोमॅक्स टेपरेकॉर्डर घेऊन मिसिसिपी राज्यातील पार्चमन तुरुंगशेतीवर गेला. तेथे काळे कैदी कुऱ्हाडी-फावडी चालवताना गात. ती श्रमगीते त्याने मुद्रित केली आणि १९५७ मध्ये त्यांची तबकडी निघाली. काळ्यांच्या साहित्याशी आपल्या साहित्याचे नाते आपण सत्तरीच्या दशकापासून सांगतो. पँथर हे नावच आपण तिकडून घेतले. पण ते नाते आपण बहुतेक छापील कवितेपुरते ठेवले. पार्चमनच्या त्या फिती हे त्या साहित्याचे मूळ आहे, आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्नही येतो. गाणारे कैदी तबकडीवर टोपणनावांनी आले. त्यांना त्रास होऊ नये म्हणून ही काळजी घेतली असे म्हणता येईल. पण संग्राहकाचे नाव मात्र ठळक राहिले. यंत्र ज्याचे त्याचे नाव, कंठ ज्याचा तो निनावी, हा व्यवहार आपल्याला ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही.

आता आपल्याकडे वळू. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या चार दशकांत परदेशी यंत्र आणणे म्हणजे आयात परवाना, जकात आणि ओळखीपाळखी यांचा मामला होता. टेपरेकॉर्डर ही चैनीची वस्तू गणली जाई. तो असे आकाशवाणीकडे, चित्रपट व्यवसायाकडे, काही विद्यापीठांकडे, परदेशी वकिलातींकडे, मिशनरी संस्थांकडे आणि शहरातल्या सधन घरांत. ग्रुंडिग आणि फिलिप्स ही नावे त्या पिढीला तोंडपाठ होती. ज्यांच्याकडे यंत्र होते त्यांनी काय मुद्रित केले? साहजिकच त्यांना जे मोलाचे वाटले ते. पुण्या-मुंबईतील शास्त्रीय संगीताच्या खासगी मैफलींचा प्रचंड साठा रसिकांच्या घरी जमला आणि आज तो या संगीताच्या इतिहासाचा मोठा आधार आहे. त्या रसिकांना दोष देण्याचा प्रश्न नाही. त्यांनी चांगलेच काम केले. परंतु त्याच वर्षांत, त्याच शहरांच्या कामगार चाळींत रात्र रात्र चालणारे भीमगीतांचे सामने कोणत्या दिवाणखान्यात मुद्रित झाले? एखाद्या बुजुर्ग गवयाने अमुक साली अमुक राग कसा मांडला हे आज ऐकून सांगता येते. एखाद्या शाहिराने त्याच साली नायगावात कोणता सवाल टाकला आणि समोरच्याने काय जबाब दिला, हे मात्र सांगणारा माणूस शोधावा लागतो.

बाबासाहेबांच्या बाबतीतही हेच झाले. आज आपल्याला सहज ऐकायला मिळणारा त्यांचा आवाज मुख्यतः इंग्रजीतला आहे. बी.बी.सी.ने १९५५ मध्ये घेतलेली मुलाखत ही त्यातली सर्वांत परिचित. परदेशी नभोवाणीकडे यंत्र होते, फीत होती, ती जपणारे ग्रंथालय होते. म्हणून ती मुलाखत राहिली. ज्या मराठीतून त्यांनी महाडला, येवल्याला, नागपूरला लाखो माणसांना हलवले ते मराठी आपल्यापर्यंत आले छापील अक्षरांतून. नागपूरचे १५ ऑक्टोबर १९५६ चे भाषण आपण वाचतो ते २७ ऑक्टोबरच्या ‘प्रबुद्ध भारत’मधून. पुढे सरकारी खंडांत त्यांची मराठी भाषणे संकलित झाली, तीही वृत्तपत्रांच्या आधारे. घाईघाईने टिपणे घेणाऱ्या त्या वार्ताहरांचे आणि संपादकांचे ऋण मोठे आहे. पण वाक्य कुठे थांबले, कुठे आवाज चढला, सभेने कुठे हुंकार भरला, विनोद कोणत्या सुरात केला, हे छापील मजकुरात उरत नाही. वक्त्याचा अर्धा अर्थ त्याच्या थांबण्यात असतो हे शिक्षकाला वेगळे सांगायला नको.

जलशाची परंपरा तर पूर्णपणे कानावर जगलेली. भीमराव कर्डकांच्या पिढीने चळवळ खेडोपाडी नेली ती गाण्यातून. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. वामनदादा कर्डक यांनी १९४३ पासून सहा दशके हजारो गाणी रचली आणि ती गावोगाव स्वतः गाऊन पोचवली. यातले बरेच पुढे पुस्तकांत आले, तबकड्यांवर आणि कॅसेटवरही आले. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचे आवाज कंपन्यांनी मुद्रित केले, आकाशवाणीनेही काही मुद्रित केले. पण कंपनी तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे घेते. जलसा तीन मिनिटांचा नसतो. गण, गाण्याआधीचे निवेदन, मधली टोलेबाजी, श्रोत्यांतून आलेली फर्माईश आणि त्यावर जागच्या जागी जुळवलेली ओळ ही खरी सामग्री तबकडीवर येऊच शकत नव्हती. ती फक्त रिळावर येऊ शकत होती. आकाशवाणीबद्दलही एक लक्षात ठेवले पाहिजे. फीत महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरण्याची रीत जगभरच्या नभोवाणी केंद्रांत होती. काय पुसायचे आणि काय ठेवायचे हे ठरवणाऱ्या खुर्चीवर कोण बसले होते, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

मग वस्त्यांमध्ये जी रिळे सापडतात ती आली कोठून? माझ्या पाहण्यात त्यांचा एक ठरावीक मार्ग आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. बदली झालेल्या साहेबाचे, मायदेशी परतणाऱ्या परदेशी माणसाचे, बोटीवरच्या खलाशाने आणलेले, कुठल्या कचेरीच्या लिलावातले यंत्र तिथे येई. ते विकत घेई तो बहुधा लाउडस्पीकर भाड्याने देणारा. जयंतीला, धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनाला, सभेला स्पीकर लावायचा हा त्याचा धंदा. माइक त्याचाच असल्याने टेपची तार त्यात खोचणे त्याला सोपे. पुढच्या वर्षी मिरवणुकीत वाजवायला उपयोगी पडेल एवढाच त्याचा हिशोब होता. अशा हिशोबी माणसांनी आपल्या चळवळीचे पहिले ध्वनिसंग्रहालय नकळत उभे केले. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथाच्या ऋणनिर्देशात नाहीत. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्यांच्या तांत्रिक शिक्षणाची मागणी होती. तिला पुढे जी फळे आली त्यांत आय.टी.आय.मधून रेडिओ दुरुस्ती शिकून बाहेर पडलेली मुलेही धरली पाहिजेत. डाग देणाऱ्या त्या हातांनी अनेक बंद यंत्रे बोलती केली.

सत्तरीच्या अखेरीस कॅसेट आली. फिलिप्सने ती १९६३ मध्ये युरोपात काढली होती. आपल्याकडे आखाती देशांत कामाला गेलेल्या माणसांच्या सामानातून ती घरोघर शिरली. कॅसेट स्वस्त, यंत्र हातात मावणारे. नामांतराच्या काळातली गाणी, १९७८ ते १९९४ ही सोळा वर्षे, मुख्यतः कॅसेटवर आहेत. त्याआधीची पंचवीस वर्षे, धर्मांतराच्या अलीकडची-पलीकडची आणि पँथरच्या पहिल्या सभांची, जी काही मुद्रित असतील ती रिळावर. कॅसेट आल्यावर रिळाची यंत्रे भंगारात गेली. भंगारवाल्याच्या काट्यावर टेपरेकॉर्डर म्हणजे मोटारीतले तांबे आणि सांगाड्यातले ॲल्युमिनियम. यात त्याची चूक नाही. त्याचे पोट वजनावर चालते.

आज रिळाच्या यंत्रांचा बाजार पुन्हा तेजीत आहे, पण तो वेगळ्याच कारणाने. परदेशांत आणि आपल्या महानगरांतही श्रीमंत संगीतशौकिनांना रिळाचा नाद लागला आहे. रेव्हॉक्स, स्टुडर, अकाई, टिॲक यांची जुनी यंत्रे झळाळून काढून भरमसाट किमतीला विकली जातात. एखादा कार्यकर्ता चौकशीला गेला की ही किंमत ऐकून परत येतो. त्याने परत येऊ नये, कारण त्याला ते यंत्र नकोच आहे. हे जरा तपशिलाने सांगतो.

पाव इंच रुंदीची फीत यंत्रावर एका ठरावीक वेगाने सरकते. सेकंदाला १९ सेंटिमीटर, साडेनऊ किंवा पावणेपाच. वेग जास्त तितका आवाज स्वच्छ, पण फीत लवकर संपते. सात इंची रिळावर साधारण बाराशे फूट फीत मावते. ती १९ च्या वेगाने एका बाजूला बत्तीस मिनिटे चालते, साडेनऊने चौसष्ट आणि पावणेपाचने दोन तास आठ मिनिटे. फीत विकत घेणे जड जाणारा माणूस रात्रभराचा जलसा मुद्रित करताना कोणता वेग निवडील? उघडच सर्वांत मंद. म्हणून वस्तीतली रिळे बहुधा साडेनऊ किंवा पावणेपाचवर भरलेली असतात, पुष्कळदा पातळ आणि लांब फितीवर, दोन्ही बाजूंनी. आणि शौकिनांची ती महागडी यंत्रे बहुतेक साडेनऊ-एकोणीस किंवा एकोणीस-अडतीस या वेगांची. रेव्हॉक्सचे बी ७७ हे प्रसिद्ध यंत्र त्याच्या नेहमीच्या रूपात पावणेपाचवर चालतच नाही. आपल्याला हवे ते साधे घरगुती तीन वेगांचे ग्रुंडिग, फिलिप्स, ऊहर किंवा तशा जातीचे, ज्याच्याकडे शौकीन ढुंकूनही पाहत नाही. गरिबाची फीत गरिबाच्याच यंत्रावर नीट वाजते. फार अडले तर पावणेपाचची फीत साडेनऊवर वाजवून संगणकात वेग निम्मा करता येतो, मात्र आवाजाचा पोत मग जाणकाराकडून दुरुस्त करून घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट विजेची. यंत्राच्या पाठीमागची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अमेरिकेतले यंत्र ११७ व्होल्ट आणि ६० सायकलचे असते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जमते. सायकल जमत नाही. आपल्या ५० सायकलच्या विजेवर त्याची सिंक्रोनस मोटार पाच-षष्ठांश वेगानेच फिरते. तासाभराची फीत बहात्तर मिनिटे चालते आणि आवाज जवळजवळ तीन अर्धस्वर खाली उतरतो. काळी तीनमध्ये गाणारा शाहीर काळी दोनमध्ये रडल्यासारखा ऐकू येतो. याच्या उलटही घडते. असल्या यंत्रावर इथेच भरलेली फीत बरोबर वेगाच्या यंत्रावर लावली की आवाज चढतो, पातळ होतो, पुरुषाचा आवाज बाईचा वाटू लागतो. अशा फितीवरून गायकाविषयी निष्कर्ष काढण्यापूर्वी हार्मोनियम शेजारी घेऊन बसावे. जपानी यंत्रांत पुष्कळदा ५० आणि ६० दोन्हींची सोय असते.

तिसरी गोष्ट पट्ट्यांची. जुन्या यंत्रांचे हेड अर्धी फीत एका वेळी वाचते, नंतरच्यांचे पाव. पाव पट्टीवर दोन्ही बाजूंनी भरलेली फीत अर्ध्या पट्टीच्या हेडवर लावली तर एक आवाज सरळ आणि दुसरा उलटा असे दोन्ही एकाच वेळी येतात. ऐकणाऱ्याला वाटते फीत बिघडली, आणि ती फेकली जाते. फीत धडधाकट असते. यंत्र चुकीचे असते.

दुकानात यंत्र तपासताना काय पाहावे? सर्वांत आधी रबर. फितीला ओढणारे रबरी चाक दगडासारखे कडक झाले असेल किंवा गुळासारखे चिकट, तर ते बदलावे लागेल. आतले पट्टे बहुधा गेलेलेच असतात. हे दोष किमतीत घासाघीस करायला चांगले, कारण कुशल कारागीर चाक नव्याने चढवून देतो, पट्टा मिळवता येतो. हेडवर बोट फिरवून पाहावे. फितीने खोल चर पाडला असेल तर ते यंत्र सोडावे, हेड मिळणे कठीण. पुढे-मागे जोरात फिरवून एकदम थांबवावे: ब्रेक नीट नसतील तर फीत सैल पडून गुंता होतो किंवा ताणून तुटते. वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र एकदम मुख्य विजेला जोडणे धोक्याचे, आतले कपॅसिटर सुकलेले असतात. दुरुस्ती जाणणाऱ्याकडून व्होल्टेज हळूहळू चढवून घ्यावे. युरोपीय यंत्रांची पाच टाचण्यांची गोल जोडणी आज घरात सापडणार नाही, तेव्हा तिची तार यंत्राबरोबरच मागून घ्यावी. दुकानदार ती फुकट देतो, नंतर मागितली तर मिळत नाही.

आणि तपासायला आपले रीळ कधीही नेऊ नये. दुकानदाराची फालतू फीत लावावी. अनोळखी यंत्रावर एकुलती एक फीत चढवणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती मूल देण्यासारखे आहे. यंत्र घरी आल्यावर पहिले काम ध्वनिमुद्रणाचा खटका निकामी करून घेण्याचे. हेड साफ करावे, त्यातले साचलेले चुंबकत्व काढावे, आणि मगच फीत लावावी. एक चुकीचा खटका दाबला की पन्नास वर्षांपूर्वीचा आवाज पुसला जातो आणि त्याच्या जागी खोलीतल्या पंख्याची घरघर येते.

फितीचेही वय ओळखता आले पाहिजे. रीळ उजेडासमोर धरले असता पलीकडचा प्रकाश झिरपला तर ती जुनी ॲसिटेटची फीत. ती तुटते पण ताणत नाही, म्हणून सांधता येते. शिरक्याचा वास येत असेल तर तिचे कुजणे सुरू झाले आहे, आणि तिचा क्रम पहिला लावावा. पॉलिस्टरची फीत तुटत नाही, ताणते; ताणलेला आवाज पुन्हा सरळ होत नाही. सत्तरीच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकापर्यंतच्या काही कंपन्यांच्या फितींचा चिकट थर हवेतला ओलावा पिऊन सुटतो. ती वाजवताना किंचाळते आणि हेडवर तपकिरी चिखल सोडते. अशी फीत जबरीने वाजवू नये. प्रयोगशाळेत पन्नास अंशांच्या आसपास बराच वेळ शेकून ती तात्पुरती वाजवण्याजोगी करता येते. हे काम घरच्या भट्टीचे नव्हे, आणि ॲसिटेटच्या फितीवर हा उपाय मुळीच करायचा नसतो. मुंबई-कोकणच्या पावसाने बुरशी आलेली रिळे तर तोंडाला फडके बांधल्याशिवाय उघडूच नयेत.

हे सारे आता का सांगायचे? युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये जगभर इशारा दिला की २०२५ च्या सुमारास चुंबकीय फिती वाजवणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग मिळणे जवळजवळ बंद होईल. ती मुदत उलटून गेली आहे. यंत्रे एका दिवसात नाहीशी होत नाहीत, पण दुरुस्ती जाणणारी माणसे थकली आहेत. विद्यापीठांची अध्यासने आहेत, स्मारके आहेत, जयंतीचे खर्च आहेत. एका वर्षाच्या डीजेच्या भाड्यात एक चांगले घरगुती यंत्र दुरुस्तीसह येऊ शकते, हे मंडळांच्या तरुणांना कडवटपणा न आणता सांगता आले पाहिजे. त्याच भिंतीएवढ्या स्पीकरवर वामनदादांची गाणी वाजतात. त्यांच्या मूळ आवाजातली फीत शेजारच्या माळ्यावर असू शकते.

काम होऊ शकते याचे दाखलेही आहेत. गी प्वातवॅं आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचा जो प्रकल्प चालवला त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, आणि नव्वदीच्या दशकात त्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. दलित स्त्रियांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या त्यात मोठ्या संख्येने आहेत. त्या ओव्यांना गाणारीचे नाव आहे, गाव आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघर जाऊन वृद्ध कार्यकर्त्या स्त्रियांना बोलते केले, म्हणून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ झाला. विलास घोगरे यांचा आवाज १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटामुळे राहिला. १९९७ मध्ये रमाबाई आंबेडकर नगरातील गोळीबारानंतर त्यांनी स्वतःला संपवले, तेव्हा चित्रपटवाल्यांनी मुद्रित केलेला तो आवाज मागे होता. ज्यांच्यापर्यंत कुणी कॅमेरा घेऊन गेले नाही, त्यांच्यासाठी स्पीकरवाल्याची रिळेच आहेत.

नावाच्या बाबतीत पार्चमनचीच पुढची गोष्ट सांगण्याजोगी आहे. लोमॅक्स १९५९ मध्ये पुन्हा तिथे गेला आणि जेम्स कार्टर या कैद्याच्या पुढाकाराने गायलेले एक श्रमगीत त्याने मुद्रित केले. या वेळी नाव नोंदवलेले होते. २००० साली ते मुद्रण एका चित्रपटात वापरले गेले आणि त्या चित्रपटाच्या गाण्यांच्या तबकड्या लाखांनी खपल्या. मग संग्रहाची माणसे कार्टरला शोधू लागली. २००२ मध्ये तो शिकागोत सापडला, शहात्तर वर्षांचा. आपण असे काही गायलो होतो हे त्याला आठवतही नव्हते. त्याच्या हातात वीस हजार डॉलरचा धनादेश ठेवण्यात आला. पुढच्या वर्षी तो वारला. नोंदवहीत कार्टर हे नाव नसते तर धनादेश कुणाच्या नावाने काढायचा?

आपल्याकडच्या रिळांच्या डब्यांवर बहुधा ‘जयंती’ किंवा ‘भीमगीते’ एवढेच लिहिलेले असते, कधी तेही नसते. म्हणून रीळ हाती आले की यंत्र लावण्यापूर्वी ज्याच्या घरून आले त्याला बसवून विचारावे: कोणते साल, कोणती वस्ती, स्पीकर कुणाचा, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, कोरसात कोणत्या बाया होत्या. तो सांगेल ते वेगळ्या कागदावर तारखेसह लिहावे आणि कागद डब्यात ठेवावा. डब्यावरची जुनी चिठ्ठी चुकीची वाटली तरी फाडू नये. गायकाचे वारस हयात असतील तर मुद्रणाची एक प्रत प्रथम त्यांना द्यावी आणि पुढे ती कुठे वाजवायची ते त्यांना विचारून ठरवावे. प्रत काढताना सुरुवातीला आपल्या आवाजात रिळाची ओळख भरावी, आणि मूळ फीत पुन्हा जोरात मागे गुंडाळू नये. वाजून संपली तशीच, शेपूट बाहेर ठेवून, डबा उभा करून ठेवावा. फितीच्या एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. अशी ठेवली म्हणजे तो प्रतिध्वनी शब्दाच्या आधी न येता नंतर येतो, आणि शब्द नीट ऐकू येतो.